अर्धी स्क्रीन त्यांची, अर्धी माझी

दे इकडे तो फोन. आणि बस गं, अशी पाहुण्यासारखी उभी राहू नकोस. चहा उकळतोय तोवर तुझ्या फोनात काय काय लागतं ते टाकून देते. मी आले तेव्हा मलाही कुणी असं समोर बसवून सांगितलं असतं, तर पहिला आठवडा बसस्टॉपवर रडत काढला नसता.

हे बसचं. यात तुझं घर आणि कामाची जागा टाकून ठेव. चार मिनिटांत बस येणार म्हटलं की चार मिनिटांत येते, उगाच वाकून वाकून रस्त्याकडे बघायचं नाही, लोक हसतात. हा नकाशा. हे कचऱ्याचं. हसतेस काय, खरंच कचऱ्याचं अ‍ॅप आहे. कुठल्या दिवशी कुठली पिशवी बाहेर ठेवायची ते सांगतं. मी एकदा बाटल्यांच्या दिवशी भाजीची सालं ठेवली, तर समोरच्या बाईंनी पिशवी परत आणून माझ्या दाराला टेकवून ठेवली, वर चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मी मुद्दाम समजून घेतलं नाही. हे दवाखान्याची वेळ घ्यायचं. हे हवेचं, ते रोज सकाळी बघायचं, आपल्या स्वेटरच्या भरवशावर निघायचं नाही.

आणि हे अनुवादाचं. हे तुला लागणारच, कारण कामही माझंच करणार आहेस, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायचं. टाकते. पण कुणाच्या फोनात हे टाकताना माझं बोट जरा अडतं... का ते सांगते. घाबरवायला नाही सांगत. मी स्वतः घाबरले नव्हते. निदान जेव्हा घाबरायला हवं होतं तेव्हा तर नाहीच.

मला पहिलं घर मिळालं ते एका आजोबांचं. दुसरा मजला, चार खोल्या. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलेला माणूस. दीड वर्षापूर्वी झटका आला होता, उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. घशातून हुंकार यायचा, बस. त्यांची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शनिवारी यायची. ऑफिसातल्या बाईने मला पहिल्याच दिवशी दाखवून दिलं होतं, फोन स्टँडवर लावून टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि हे अ‍ॅप दिवसभर चालू ठेवायचं. स्क्रीनचे दोन भाग होतात. अर्धा भाग आपल्याकडे तोंड करून, अर्धा उलटा, समोरच्याकडे. आपण बोललो की त्यांच्या अर्ध्यात त्यांच्या भाषेत उमटतं आणि फोन ते वाचून दाखवतो. ते बोलले की आपल्या अर्ध्यात मराठी. ती बाई म्हणाली, फोन जे सांगेल ते करायचं, डोकं चालवायचं नाही. मी मान डोलावली. नवीन देशात माणूस फोनचंच ऐकतो गं. तो म्हणाला डावीकडे वळ की आपण डावीकडे.

आता एक गोष्ट सांगते, ती या टेबलावरच राहू दे. माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. अजिबात ऐकू येत नाही. हे आईला आणि मला, दोघींनाच ठाऊक. दादालासुद्धा नाही. लग्न जमताना आईने कुणाला कळू दिलं नाही, आणि इथल्या कामाच्या अर्जात मी. त्यामुळे कुणी बोललेलं मला ऐकू आलं नाही, तर मला त्यात काही नवल वाटत नाही. असेल डावीकडून बोलला, म्हणून मी सोडून देते.

आणि आईचंही आत्ताच सांगून ठेवते. मी निघाले तेव्हा तिचं हृदय थकलं होतं. मी म्हटलं, नाही जात. इथला नियम तुला माहीत आहे, पहिले तीन महिने सुट्टी नाही, मध्येच गेलीस तर परवाना तिथल्या तिथे रद्द. आई म्हणाली, "तीन महिन्यांचं काय घेऊन बसलीस? तोवर मी कुठे जात नाही. तू भेटून गेलीस की मग बघू." तिच्या त्या शब्दावर मी विमानात बसले. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढ्यासाठी रोज कॅलेंडरवर फुली मारायची.

पहिल्याच सकाळी मी आजोबांना चहा दिला आणि टेबलावरचा फोन मराठीत बोलला, "दुसऱ्या कपात द्या. हा त्यांच्या हाताला जड होतो."

मी कप बदलला. खरोखरच हलका कप त्यांनी डाव्या हाताने नीट धरला. मला वाटलं, घरात आजी असणार. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, तिचं दार कायम बंद. असेल आजारी, नसेल परक्या माणसासमोर यायचं. लेकीने मला आजोबांच्या गोळ्या, जेवण, व्यायाम एवढंच समजावून सांगितलं होतं. आजीचं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग रोजचंच झालं ते. "खिडकी उघडू नका, आत्ताच अंघोळ झालीय." "उजव्या खांद्याखाली उशी घाला." एकदा मी गोळी दिली, आजोबा पाणी प्यायले, मी वळले, तर फोन म्हणाला, "गिळली नाही. गालात आहे." तोंड उघडून बघते तर खरंच गालात. मी बंद दाराकडे बघून म्हटलं, "आजी, तुमची नजर कमाल आहे." फोनने ते त्यांच्या भाषेत म्हणून दाखवलं. आजोबा आपल्या अर्ध्या स्क्रीनकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पुसलं. झटक्यानंतर माणसं हळवी होतात, हे मला कामामुळे माहीत होतं.

तू म्हणशील, आवाज नको का यायला? फोन अनुवाद करतो म्हणजे त्याआधी कुणीतरी बोलायला हवं. तेच तर. तुला ती भाषा येत असती तर पहिल्याच दिवशी तुझ्या लक्षात आलं असतं. मला ती भाषा म्हणजे नुसता गलका. आल्यापासून मी माणसांचं ऐकणंच सोडून दिलं होतं, फोन काय म्हणतो तेवढंच ऐकायचे. त्यात एक कान बंद. दारामागून बाई हळू बोलत असतील, फोनला ऐकू जात असेल, मला नाही. इतकं साधं वाटलं होतं मला.

एवढं मात्र खटकायचं की फोन मध्येच म्हणायचा, "पाना, हात वर कर." "पाना, हट्ट करू नकोस." पाना म्हणजे ते नटबोल्ट पिळायचं हत्यार. म्हटलं, अ‍ॅप चुकतंय. मी आपली रोज सकाळी बंद दाराशी स्टुलावर आजींसाठी एक कप ठेवायचे. दुपारी बघावं तर तसाच, वर साय धरलेला. मी मनात म्हणायचे, नखरेल आहे हो बाई. आपल्या हातचं चालत नसेल.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी लेक अचानक दुपारीच आली. मी फोनसमोर उभी राहून तिला विचारलं, "तुमच्या आईंना चहा चालत नाही का? दुसरं काही करून देऊ का?"

तिने फोनचं ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. मग स्टुलावरच्या कपाकडे. तिने जाऊन ती खोली उघडली.

आत इस्त्रीचं टेबल होतं, पुठ्ठ्याचे खोके होते, एक हवा गेलेली सायकल होती. खाटसुद्धा नव्हती. बंद खोलीचा असतो तसला कोंदट वास, आणि सगळ्यावर धुळीचा थर. जमिनीवरच्या धुळीत एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"आई जाऊन चार वर्षं झाली," फोन तिच्या वतीने म्हणाला.

 माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल सांग? की आता ही मला वेडी समजून कामावरून काढणार आणि मी आईला भेटायच्या आधीच सगळं संपणार. मी फोन उचलून तिच्या हातात दिला. अ‍ॅपमध्ये झालेलं सगळं बोलणं साठून राहतं, मागे जाऊन वाचता येतं. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. थोड्या वेळाने भिंतीला टेकून खाली बसली. वाचता वाचता ती हसत होती आणि रडतही होती. आजोबांच्या खिशात कायम पाना असायचा म्हणून तिची आई त्यांना त्याच नावाने हाक मारायची, घरात, दार लावल्यावर. बाहेरच्या कुणाला ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बंद करू का हे...?"

तिने माझा हात धरला. "नको... बंद करू नका." आजोबा आपल्या खुर्चीतून आम्हा दोघींकडे बघत होते, अगदी शांतपणे. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगायला वाचा नव्हती, इतकंच.

तू विचारशील, त्या घरात परत पाय कसा ठेवलास? ठेवला. त्या रात्री मी दिवा लावून झोपले हे खरं. पण सकाळी दार उघडलं, फोन लावला आणि तो म्हणाला, "आज त्यांना झोप लागली नाही, हळू उठवा." आता सांग, याला काय घाबरायचं? अंगावर काटा यायचा, नाही असं नाही. पण तो काटा एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर येतो तसला होता. आपण आवाज न करता उभं राहावं, असं वाटायचं.

दोन महिने अकरा दिवस झाले आणि सकाळी दादाचा फोन आला. आईने पाच दिवसांपासून बोलणं सोडलं होतं. डोळे मिटलेले, पाणी चमच्याने. डॉक्टर म्हणाले होते, आता कधीही. मी ऑफिसला फोन केला. बाई वाईट नव्हती, पण नियम तिच्या हातात नव्हता. एकोणीस दिवस बाकी होते फक्त. मला तिचा, ऑफिसचा, या देशाचा, सगळ्यांचा राग आला. सगळ्यात जास्त माझा.

आजोबांना जेवण भरवलं, भांडी घासली. दुपारचे साडेतीन वाजले असतील, ढगाळ होतं, स्वयंपाकघरात करडा उजेड होता. मी टेबलाशी बसले आणि मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून ओठ दाबून रडत होते.

तेव्हा फोन बोलला. मराठीत नाही. त्यांच्या भाषेत.

मी मान वर केली. माझ्या अर्ध्या स्क्रीनवर बारीक अक्षरं उमटत होती. मी बोलले की माझे शब्द जसे उमटायचे, तशीच. माझं तोंड बंद होतं गं. शपथेवर सांगते. तरी माझ्या बाजूला मराठी येत होतं, एक एक शब्द...

"बाबा, तिच्या डाव्या बाजूने बोलू नका. तिला तिकडून ऐकू येत नाही. ती कुणाला सांगायची नाही."

मी दगड झाले. हे मी तुला आत्ता सांगितलं, त्याच्या आधी जगात फक्त एका बाईला ठाऊक होतं. आणि ती बाई हजारो मैलांवर डोळे मिटून पडली होती.

आजोबांनी आपल्या बाजूचं वाचलं. मग त्यांनी डावा हात टेबलावर रोवला आणि ते उठले. त्यांना उठवायला मला पट्टा बांधून जोर लावावा लागायचा, आणि ते एकटे उठले. माझ्या डाव्या बाजूला बसले होते तिथून, टेबलाला धरून धरून, वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग त्या दोघी, माझी आई आणि त्या घरातल्या आजी, बोलायला लागल्या. फोन एकदा त्यांच्या भाषेत बोलायचा, एकदा मराठीत, मध्ये थांबायचा. खोलीत दुसरा आवाज नव्हता, नळाचं पाणीसुद्धा टपकत नव्हतं.

"तुमची लेक कामाला चांगली आहे. रोज मला चहा ठेवते."

"घेतला नाहीत का?"

"घेता आला असता तर घेतला असता हो."

"तुमचे मालक शांत आहेत."

"आता आहेत. आधी नव्हते."

आणि फोन थांबला. दोन बायका हसतील तेवढाच वेळ थांबला. अगं, दोन गच्च्यांवर कपडे वाळत घालताना बायका बोलतात, तसं चाललं होतं ते. मी आणि आजोबा, आम्ही दोघं लहान मुलांसारखे ऐकत होतो. एवढं अफाट काहीतरी आपल्यासमोर घडतंय आणि त्याला निमित्त फक्त माझा कोपऱ्यात तडा गेलेला फोन, हे मला पेलत नव्हतं. 

मग माझ्या बाजूला आलं, "तिला म्हणावं, तिकीट काढू नकोस."

त्याच क्षणी फोन वाजायला लागला आणि स्क्रीनवर दादाचं नाव आलं. मी उचलला. कॉल उचलला की अ‍ॅप बंद पडतं, हे ध्यानात ठेव.

दादाचा आवाज विचित्र येत होता. "अगं, आई बोलतेय..."

"काय बोलतेय?"

"अर्धा तास झाला. बोलते, थांबते, कुणाचं तरी ऐकल्यासारखं करते. मघाशी हसली. पण काय बोलतेय कळत नाही गं... ही आपली भाषाच नाही."

मी म्हटलं, "तिच्या तोंडाशी धर." आणि माझ्याकडे स्पीकर लावला.

आईचा आवाज होता. थकलेला, घोगरा, पण तिचाच. आणि बोलत होती आजोबांची भाषा, घडाघडा, इथे जन्मल्यासारखी. माझी आई, जिने तालुक्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. मी ओरडले, "आई, मी बोलतेय... आई, माझ्याशी बोल." ती माझ्याशी बोलली नाही. एकच वाक्य तिने सावकाश, दोनदा म्हटलं. आणि माझ्या उजव्या कानाशी, दीड वर्ष मुका असलेला माणूस स्पष्ट म्हणाला, "हो." त्या भाषेतले मला पाच शब्द येत होते, त्यातला तो एक.

पलीकडे आई गप्प झाली. दादा म्हणाला, झोपली वाटतं.

घरी जायच्या बसमध्ये मी ते वाक्य घोकत होते. अर्थ कळत नव्हता, नुसते आवाज पाठ करून ठेवत होते, कारण मला कळलं होतं की आता तेवढंच मिळणार आहे. सव्वापाचला, मी बसमध्ये असतानाच, दादाचा पुन्हा फोन आला. आई गेली. खरं सांगू? दुःखाच्या आधी मला रागच आला. थांबते म्हणाली होती आणि थांबली नाही. शेवटचं बोलली तेही परक्यांशी, परक्या भाषेत. माझ्यासाठी आपल्यातला एक शब्द निघाला नाही तिच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. आजोबांची लेक तिथेच होती, रात्रभर जागलेली दिसत होती. म्हणाली, काल संध्याकाळी मी आले तर बाबा चक्क जिना उतरून खाली गेलेले, इमारतीचं दार हाताने उघडं धरून उभे. लावू देईनात. वर यायला तयार नव्हते. साडेपाच वाजून गेल्यावर स्वतःच दार सोडलं आणि वर आले.

मी अ‍ॅप बंद केलं. तिच्यासमोर उभी राहिले आणि पाठ केलेलं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.  तिने मला दोनदा म्हणायला लावलं. मग तिने फोन मागितला आणि मराठीत त्याचा अर्थ काढून माझ्यासमोर धरला.

"पाना, खालचं दार लावू नकोस, हिला इथला रस्ता माहीत नाही, मी घेऊन येते, आम्ही दोघी येतोय."

मी खुर्ची ओढून बसले. राग कुठे गेला कळलं नाही. आईच्या तोंडून त्या आजीच बोलल्या होत्या, तिला घ्यायला आलेल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्या इमारतीचंही एक अ‍ॅप आहे, राहणाऱ्यांचं. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद, असली सूचनापत्रं त्यात येतात. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रार टाकली होती. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि फोन माझ्या अ‍ॅपच्या कॅमेऱ्याखाली सरकवला.

"दुसऱ्या मजल्यावरच्यांना विनंती. काल संध्याकाळी साडेपाचनंतर आपल्याकडच्या दोन पाहुण्या बायका जिन्यात थांबून तासभर बोलत आणि हसत होत्या. एकीची भाषा आम्हाला कळली नाही, पण आवाज तिचाच जास्त होता. कृपया त्यांना हळू बोलायला सांगावं."

मी तिच्याच फोनवरून त्यांना उत्तर पाठवलं, माफ करा, माझ्या आईला हळू बोलायला कधी जमलंच नाही.